वाट, सोबत आणि वेस : जयपूरच्या रस्त्यावरचे मराठी गद्य

१

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा दोन गोष्टींवर स्थिरावते : पाहिलेले स्थळ आणि ते पाहणारा लेखक. या दोहोंच्या मध्ये जी वाट असते आणि त्या वाटेवर जी माणसे बरोबर असतात, त्यांना तपशिलाचे, क्वचित विनोदाचे स्थान मिळते. त्यांच्याकडे रचनेचे तत्त्व म्हणून पाहिले जात नाही. वस्तुतः रेल्वेपूर्व काळात लांबच्या वाटेवर एकट्याने पाऊल टाकणे हे साहस नव्हे, अविचार समजला जाई. यात्रेकरू, व्यापारी, जासूद, शागीर्द, सारेच चांगली सोबत पाहून निघत. कोणाबरोबर निघालो यावर कोठे उतरावयाचे, कोणाच्या घरी जेवावयाचे, कोणत्या वेशीतून आत शिरावयाचे आणि शेवटी काय पाहावयाचे हे ठरे. म्हणून जुन्या प्रवासगद्यातील 'सोबत' ही त्या गद्याची दृष्टीच होय, असे म्हणावे लागते.

ही दृष्टी तपासून पाहण्यास जयपूरकडे जाणाऱ्या रस्त्याइतके उपयुक्त क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. या रस्त्याने अठराव्या शतकात मराठी माणसे प्रथम पाहुणे म्हणून आली आणि सोळा वर्षांच्या आत त्याच शहरात शत्रू म्हणून मारली गेली. दोन्ही प्रसंगांची वार्ता मराठीत लिहिली गेली. शहर तेच, लिहिण्याची रीतही तीच. बदलले होते ते यजमान आणि अतिथी यांचे नाते. या बदलाचा मराठी गद्यावर कोणता संस्कार झाला, आणि पुढे जयपूरला हौसेने जाणाऱ्या मराठी लेखकाने त्यातले काय राखले व काय सोडले, हा खरा प्रश्न आहे.

२

रस्ता मराठ्यांहून जुना आहे. आग्र्याहून अजमेरकडे जाणारा हा मार्ग अकबराच्या काळात राजमार्ग झाला. सलीमच्या जन्मानंतर १५७० मध्ये नवस फेडण्यासाठी बादशहा आग्र्याहून अजमेरच्या दर्ग्यापर्यंत पायी गेला. पुढे त्याने या वाटेवर कोसाकोसावर मनोरा आणि विहीर बांधविली, आणि मनोऱ्यांवर हरणांची शिंगे बसविली, असे बदायुनीने नोंदले आहे. त्याऐवजी बागा आणि सराया बांधल्या असत्या तर बरे झाले असते, अशी टिप्पणीही तो करतो. त्या टिप्पणीत प्रवासवर्णनाचा एक मूलभूत पेच दडलेला आहे. राज्यकर्त्याला वाटेवर आपली खूण हवी असते, वाटसरूला विसावा हवा असतो. मनोरा अंतर सांगतो. निवारा देत नाही.

याच वाटेवरील सांगानेर येथे १५६२ मध्ये आमेरचा राजा भारमल अकबराला भेटला होता. त्या भेटीतून जुळलेल्या संबंधाने आमेरच्या कछवाहा घराण्याचे भवितव्य घडले. याच घराण्यातील सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये आमेरच्या दक्षिणेस सपाटीवर नवे जयपूर वसविले. आखीव चौकड्यांच्या या शहराच्या काही वेशींना वाटांचीच नावे मिळाली : सांगानेरकडे उघडणारी ती सांगानेरी, अजमेरकडे उघडणारी ती अजमेरी. शहर स्वतःची ओळख तटाबाहेरच्या रस्त्यांवरून सांगते, ही गोष्ट प्रवासगद्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

माळवा आणि मेवाडमधून वर येणाऱ्या वाटा याच प्रदेशात या राजमार्गाला भिडत. दक्षिणी विद्वान त्या काळी उत्तरेत अपरिचित नव्हते. अरबीवरून 'रेखागणित' आणि 'सम्राट्सिद्धान्त' हे संस्कृत ग्रंथ सिद्ध करणारा जगन्नाथ सम्राट हा जयसिंहाच्या आश्रयास असलेला दक्षिणी ब्राह्मण होता. म्हणजे मराठी स्वारांच्या टापांपूर्वी या शहरात दक्षिणेचे नाव पोहोचले होते ते विद्येच्या सोबतीने. पुढील इतिहासाच्या गदारोळात ही पहिली ओळख झाकली गेली.

३

१७३५ च्या फेब्रुवारीत बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून उत्तरेच्या यात्रेस निघाल्या. बऱ्हाणपूर, उदेपूर, नाथद्वारा असा मार्ग करीत त्या त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर जयपुरास पोहोचल्या. पावसाळ्याचे दिवस जयसिंहाच्या पाहुणचारात काढून पुढे मथुरा, वृंदावन, प्रयाग, काशी, गया अशी यात्रा झाली आणि १७३६ च्या उन्हाळ्यात त्या पुण्यास परतल्या. सव्वा वर्षाचा हा प्रवास. मराठी फौजांनी माळव्यात बादशाही अंमल खिळखिळा केला असताना, आणि ज्यांच्या मुलखावर चौथाईचे सावट पडत होते अशा राजांच्याच प्रदेशातून, पेशव्यांच्या आईने सुखरूप जावे आणि सन्मानाने यावे, यात राजकारण होते हे उघड आहे. १७३६ च्या आरंभी किशनगढजवळ बाजीराव आणि जयसिंह यांची भेट झाली, तिची भूमिका या यात्रेने तयार केली, असे इतिहासकारांनी मानले आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांमुळे या काळचा पत्रव्यवहार अभ्यासकांच्या हाती आला. त्याआधी १८९८ पासून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून, जुनी पत्रे ही इतिहासाइतकीच भाषेचीही साधने आहेत, हे ठसविले होते. तरीही या पत्रांकडे गद्य म्हणून पाहण्याची सवय साहित्यसमीक्षेला फारशी लागली नाही. तारीख आणि वृत्त काढून घेतले की पत्राचे काम संपले, अशी धारणा राहिली.

यात्रेतील पत्रलेखनाचा साचा ठरलेला असतो. मायना, क्षेमकुशल, मग 'विशेष'. मुक्काम कोठे झाला, कोण सामोरे आले, कोणता मान झाला, पुढली मजल कोठली. आणि शेवटी नम्रतेचे वचन. लिहिणारा कारकून 'मी' म्हणून उभा राहत नाही. त्याचे वाक्य '-ऊन' या प्रत्ययाने एकाला एक क्रिया जोडीत चालते : येऊन, भेटून, राहून, निघून. हा केवळ व्याकरणाचा विशेष नाही. ही वाक्यरचना म्हणजे चालणाऱ्या मेळ्याची रचना आहे. तीत कोणी एक थांबून एकटा पाहत नाही. सारे मिळून पोहोचतात आणि सारे मिळून निघतात.

अशा गद्याकडून शहराच्या वर्णनाची अपेक्षा धरणे हा आधुनिक वाचकाचा हट्ट ठरेल. १७३५ चे जयपूर अवघे आठ वर्षांचे होते. हवामहाल बांधला जाण्यास अजून ६४ वर्षे होती. ज्या गुलाबी रंगाने शहर ओळखले जाते तो त्याला १८७६ मध्ये, इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीनिमित्त मिळाला. यात्रेकरूंच्या मेळ्याला मोलाची गोष्ट दुसरी होती : दार उघडले की नाही, आणि कोणी उघडले. स्थळाऐवजी नाते टिपणारे हे गद्य पाहण्यात उणे आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ते वेगळे काही पाहते. परक्या मुलखात मिळालेला आदर हा त्याच्या लेखी इमारतीहून वर्णनीय आहे.

मात्र या दृष्टीची मर्यादाही याच ठिकाणी स्पष्ट होते. आदर मोजणारे गद्य आदर करणाऱ्याच्या मनात शिरत नाही. यजमानाला हा पाहुणचार किती भयातून, किती हिशेबातून आणि किती धर्मबुद्धीतून सुचला, हा प्रश्न पाहुण्याच्या लेखणीला पडत नाही. हा न पडलेला प्रश्न सोळा वर्षांनी जयपूरच्या रस्त्यावर उभा राहिला.

४

जयसिंह १७४३ मध्ये वारला. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या त्याच्या पुत्रांत गादीचा कलह पेटला आणि मराठी सरदार त्यात पैशाच्या बोलीवर उतरले. १७४७ मध्ये राजमहाल येथे मेवाड आणि त्याच्या साथीदारांवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ ईश्वरीसिंहाने १७४९ मध्ये त्रिपोलिया बाजाराजवळ सात मजल्यांचा मनोरा उभारला, तोच ईसरलाट. परंतु १७४८ च्या बगरूच्या लढाईनंतर त्याचे बळ ओसरले होते आणि कबूल केलेली खंडणी फिटत नव्हती. मल्हारराव होळकर फौजेसह चालून येत आहेत हे कळल्यावर डिसेंबर १७५० मध्ये त्याने आत्महत्या केली. मराठ्यांच्या पाठिंब्याने माधोसिंह गादीवर आला. पाठोपाठ जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले आणि मागण्या वाढल्या.

१० जानेवारी १७५१ रोजी मराठी छावणीतील हजारो माणसे शहरात शिरली. ती लढण्यास शिरली नव्हती. देवदर्शन करावे, बाजार करावा, जयसिंहाने वसविलेले नवे शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, यासाठी ती मित्रांच्या, आप्तांच्या घोळक्यांनी गेली होती. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली. ती मध्यरात्रीपर्यंत चालली. तटावरून उड्या टाकणारे कित्येक जायबंदी झाले. बाहेरच्या वाटांवरही दक्षिणी जासूद मारले गेले.

या घटनेची वार्ता कळविणारे गद्य त्याच कारकुनी परंपरेतले आहे. साचा तोच, मात्र '-ऊन'ची साखळी आता तुटते. ज्या वाक्यात सारे मिळून पोहोचत आणि निघत, त्यात आता पोहोचणे उरते, निघणे नाही. दुःखाचे शब्द थोडके असतात आणि संख्या पुढे येतात : किती गेले, किती जखमी, कोणाची घोडी गेली. अशा लेखनाला भावनाशून्य म्हणणे अन्यायाचे होईल. सामूहिक वाक्याला सामूहिक मृत्यू सांगताना मोजणीखेरीज दुसरे साधन उरत नाही. मोजणी हाच तेथे शोक असतो.

पण याच जागी समीक्षेने एक कठोर गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. मराठी वार्ता या घटनेला दगा म्हणून पाहते, आणि निःशस्त्र, गाफील माणसांची कत्तल हा दगाच होता, यात शंका नाही. परंतु शहराच्या बाजूने ती पाहिली तर दुसरे चित्र दिसते. ज्या शहराचा राजा महिन्याभरापूर्वी दक्षिणी फौजेच्या धास्तीने मेला, त्या शहराच्या रस्त्यांतून तीच माणसे मौजेने हिंडत होती. नागरिकाच्या डोळ्याला ती यात्रेकरू दिसली नसणार. वसुलीला आलेले विजेते दिसले असणार. आपण पाहुणे आहोत अशी समजूत पाहुण्याची होती, यजमानाची नव्हती. १७३५ च्या गद्याने यजमानाचे मन वाचावयाचे सोडून दिले होते, त्याची ही फार महाग पडलेली किंमत म्हणावी लागेल.

या अपघाताची छाया पुढल्या मराठी गद्यावर राहिली. जुलै १७५५ मध्ये नागोरजवळ बोलणी करण्याच्या मिषाने आलेल्यांनी जयाप्पा शिंद्यांचा खून केला. उत्तरेकडील मोहिमा रंगविणाऱ्या बखरींत राजस्थानची भूमी ही वीरांची तशीच घाताचीही भूमी म्हणून येते. बखरकाराला संवाद रचण्याचे, पात्रांच्या मुखी भाषणे घालण्याचे स्वातंत्र्य असते. पत्रलेखकाला ते नसते. तरी विरुद्ध बाजूच्या मनात शिरण्यासाठी बखरीने हे स्वातंत्र्य क्वचितच वापरले. तेवढ्यापुरती बखर पत्राच्या पुढे गेली नाही.

५

हे मन वाचण्याचे सामर्थ्य मराठी प्रवासगद्यात आले ते शंभर वर्षांनी, आणि जयपूरच्या नव्हे तर शेजारच्या रस्त्यावर. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या वसंतात आपल्या काकांबरोबर उत्तरेस निघाले. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्या या काका-पुतण्यांना महूच्या परिसरात शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली. पुढे त्यांच्या वाट्याला आले ते यज्ञाऐवजी युद्ध. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी ही हकीकत लिहिली. वैद्यांनी ती संस्कारून १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. अमृतलाल नागर यांच्या 'आँखों देखा गदर' या अनुवादाने ती हिंदी वाचकांपर्यंत गेली.

गोडसे जयपुरास गेले नाहीत. तरीही जयपूरच्या गद्यापुढे त्यांचा ग्रंथ ठेवून पाहणे आवश्यक आहे, कारण १७५१ चा प्रसंग त्यांच्या आयुष्यात उलट्या बाजूने घडला. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीचा तट ओलांडला तेव्हा गोडसे आणि त्यांचे काका शहरात होते. पुन्हा बंद वेशी, पुन्हा कत्तल, पुन्हा परमुलखातले मराठी वाटसरू. मात्र या वेळी ते विजेत्यांच्या छावणीतून मौजेने आलेले नव्हते. ते शहराचे अन्न खाणारे, शहराबरोबर लपणारे आणि भुकेलेले पाहुणे होते. म्हणून त्यांच्या लेखणीला रस्त्यावरच्या प्रेतांबरोबर घराघरांतला आकांत ऐकू येतो, आणि लुटीच्या वर्णनात राणीच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हळहळ येते. शहर येथे प्रथमच 'त्यांचे' न राहता सोसणाऱ्यांचे होते.

हे शक्य झाले ते 'मी'च्या उदयामुळे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. शीर्षकात 'माझा' असला तरी कथनाचा कणा 'आम्ही' हाच आहे. काकांची सावधगिरी, त्यांचे अनुभवी सल्ले, पुढे जावे की परतावे हा दोघांतला विचार, वाटेत लुबाडले गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि अखेर खांद्यावरून घरी आणलेली गंगेची कावड : या साऱ्यांत सोबत ही भीतीला दिलेले उत्तर आहे. गोडसे यांचे वेगळेपण असे की त्यांचा 'आम्ही' मेळ्यापुरता मिटलेला राहत नाही. संकटात तो दार उघडतो आणि शेजारचा परका माणूसही त्यात येऊन बसतो. १७३५ चा 'आम्ही' मानाने पुष्ट झालेला आहे, १७५१ चा मृत्यूने मोडलेला आहे, आणि १८५८ चा दुसऱ्याच्या दुःखाने रुंदावलेला आहे. मराठी प्रवासगद्याची वाढ मोजावयाची तर ती या रुंदीने मोजावी.

६

स्वातंत्र्योत्तर काळात प्रवासवर्णन हा मराठीतला लोकप्रिय वाङ्मयप्रकार झाला. सोबतीचे रूपही बदलले. ती संरक्षणासाठी उरली नाही, रंजनासाठी उरली. सहप्रवासी हा थट्टेचा विषय किंवा लेखकाच्या रसिकतेचा साक्षी झाला. दिल्ली, आग्रा आणि जयपूर यांचा त्रिकोण मोटारीने तीनचार दिवसांत पुरा होऊ लागला. पूर्वी अकरा क्रमांकाचा आणि आता एकवीस क्रमांकाचा असलेला आग्रा-जयपूर राष्ट्रीय महामार्ग साधारणपणे त्याच जुन्या दिशेने जातो. मित्रांची मोटार त्यावरून धावते, अधूनमधून एखादा कोसमिनार शेतात एकाकी उभा दिसतो, छायाचित्र निघते आणि संभाषण पुढे चालू होते.

या मैत्रीपूर्ण प्रवासात गैर काही नाही. मित्रांबरोबर निर्भयपणे त्या वेशीतून शिरता येणे हीच दोनशे वर्षांतली मोठी कमाई आहे. खेद आहे तो त्यातून निपजणाऱ्या लेखनाविषयी. असे बरेचसे लेखन हवामहालाच्या खिडक्या मोजते, जंतरमंतरच्या यंत्रांचे कौतुक करते, आमेरच्या शीशमहालात थबकते; आणि त्रिपोलियाजवळच्या ईसरलाटीवर चढलेच तर तेथून दिसणाऱ्या दृश्याचे वर्णन करून खाली उतरते. हा मनोरा उभारणारा राजा दुसऱ्याच वर्षी कोणाच्या धास्तीने मेला, हे त्या वर्णनात येत नाही. ज्या पर्यटकाची भाषा मराठी आहे त्याला हा प्रश्न इतरांहून अधिक लागू आहे. १७५१ च्या जानेवारीत तीच भाषा बोलणारी माणसे हेच शहर पाहण्यास, जवळजवळ याच हौसेने, आत शिरली होती.

जुन्या कारकुनाला स्थळ दिसले नाही, नाते दिसले. नव्या लेखकाला स्थळ दिसते, नाते दिसत नाही. पहिल्याच्या उणिवेला काळाचे कारण होते. दुसऱ्याजवळ ते नाही. दप्तरे छापलेली आहेत, 'माझा प्रवास' ग्रंथालयांत आहे, आणि जयपूरच्या बाजूची साधनेही अभ्यासकांना परकी राहिलेली नाहीत. जयपूरची तटबंद नगरी २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. वारसा हा शब्द दगडांपुरता न ठेवता आठवणींनाही लावावयाचा असेल, तर त्या वारशात मराठी वाचकाचा एक अवघड वाटा आहे : पाहुणचाराचा, वसुलीचा आणि कत्तलीचाही. मराठी प्रवासवर्णनाला पुढची मजल गाठावयाची असेल तर हा वाटा नाकारून चालणार नाही. सांगानेरी वेशीतून आत जाताना, आपण आत कसे दिसत असू, एवढा एक प्रश्न सोबतीला घेतला तरी या गद्याला आरंभापासून न साधलेली गोष्ट साधू लागेल.